आजीला विचारून या

परवा रात्री नऊच्या सुमारास भाचीचा फोन आला. माझ्या धाकट्या बहिणीची ही मुलगी, गडचिरोली जिल्ह्यात शिक्षिका आहे. रात्री नऊला फोन वाजला की आमच्या वयाला आधी छातीत धस्स होतं. चांगल्या बातम्या लोक दिवसा देतात! पण तसं काही नव्हतं. म्हणाली, "मावशी, सोळा ऑगस्टला मुलांना चिमूरचं सांगायचं आहे. सातवी-आठवीचे वर्ग आहेत. बायकांचं सांगू की नको?"

मी म्हटलं, उद्या सांगते. चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि भाचीच्या एका प्रश्नाला उत्तर काय, तर उद्या सांगते! रात्रभर डोक्यात तेच घोळत राहिलं, म्हणून लिहायलाच बसले. विदर्भाबाहेरची बरीच मंडळी इथे येऊन वाचतात. त्यांना चिमूर म्हणजे पाठ्यपुस्तकात आष्टी, यावली यांच्या रांगेत येणारं एक नाव, एवढंच ठाऊक असतं. (रागावू नका, मला तरी तुमच्या गारगोटीचं कुठे काय माहीत होतं?) म्हणून आधी हकिगत सांगते.

चिमूर आज चंद्रपूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे. १९४२ साली जिल्ह्याचं नाव चांदा होतं आणि चिमूर वरोरा तहसिलीत होतं. मुंबईत 'चले जाव'चा ठराव झाला, पुढारी पकडले गेले, ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्या भागात त्यावेळी तुकडोजी महाराजांच्या खंजिरीचा जोर होता. त्यांच्या भजनाला माणूस आला की घरी परत जाताना तो वेगळाच होऊन जायचा, असं जुने लोक सांगत. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमुरात मिरवणूक निघाली. पोलिसांनी गोळी चालवली. बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा त्यात गेला. मग जमाव आवरेना. डाकबंगल्याला आग लागली. उपविभागीय अधिकारी डुंगाजी, नायब तहसीलदार सोनावणे, सर्कल इन्स्पेक्टर जरासंध आणि एक पोलीस शिपाई असे चौघे मारले गेले. नावं नीट वाचा. चौघांत गोरा एकही नाही.

तीन दिवसांनी, १९ ऑगस्टला, लष्कर आलं. गावातले पुरुष धरून नेले. घरांत उरल्या बाया, म्हाताऱ्या आणि लेकरं. त्या घरांत सोजीर शिरले. लुटालूट झाली आणि बायांवर अत्याचार झाले. पुढच्या महिन्यात नागपूरहून डॉ. मुंजे जाऊन आले, काही स्त्री कार्यकर्त्याही गेल्या. चिमूरच्या बायांनी त्यांच्यापुढे तोंड उघडलं, काय झालं ते सांगितलं. १९४२ साली खेड्यातल्या बाईने हे सांगणं म्हणजे काय, याचा जरा विचार करा. आणि सरकारने चौकशी करायलाच नकार दिला.

इथे भणसाळींची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. प्राध्यापक जयकृष्ण भणसाळी हे गांधीजींच्या आश्रमातले. विलक्षण माणूस. एके काळी मौन मोडू नये म्हणून ह्या गृहस्थांनी तांब्याच्या तारेने आपले ओठ शिवून घेतले होते! तर हे भणसाळी दिल्लीला बापूजी अण्यांच्या दारात जाऊन बसले. आपले वणीचे लोकनायक अणे त्यावेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. भणसाळींचं मागणं एकच, चिमूरला या, त्या बायांचं ऐका, चौकशी लावा. पोलिसांनी त्यांना उचलून सेवाग्रामला परत आणलं. ते चिमूरकडे पायी निघाले, पुन्हा धरून आणलं. ११ नोव्हेंबर १९४२ ला सुरू झालेला त्यांचा उपास १२ जानेवारी १९४३ ला सुटला. त्रेसष्ट दिवस. त्या उपासाच्या बातम्या छापायला सरकारने बंदी घातली, तर देशातल्या अनेक वृत्तपत्रांनी निषेध म्हणून एक दिवस अंकच काढला नाही. शेवटी बंदी उठली, काही तडजोड झाली. चौकशी मात्र झाली नाही ती नाहीच. इकडे खटले चालले, फाशीच्या शिक्षा झाल्या. अनसूयाबाई काळे यांनी त्या माणसांसाठी जिवाचं रान केलं आणि आष्टी-चिमूरच्या उरलेल्या सात जणांची फाशी १९४५ साली रद्द झाली.

तर अशी हकिगत. आता शाळेकडे येते.

चिमूर तालुक्यात बदली होऊन आले तेव्हा मी तिशीतली होते. सोळा ऑगस्ट आला की आम्ही शिक्षक भाषणं ठोकायचो. झेंडा, मिरवणूक, गोळीबार, हुतात्मे, भारतमाता की जय. बायकांचा भाग 'गावावर अनन्वित अत्याचार झाले' ह्या चार शब्दांत उरकायचा. 'अनन्वित' ह्या शब्दाचा अर्थ विचारायला कोणी विद्यार्थी हात वर करत नाही, म्हणून तो फार सोयीचा शब्द आहे.

१९८४ साली माझ्या डोक्यात एक कल्पना आली. मुलांनी घोकून काय उपयोग? इतिहास तर ह्यांच्या घरातच बसला आहे, ओसरीवर, सुपारी कातरत. घटनेला बेचाळीस वर्षं झाली होती. त्या वेळी विशीत असलेली माणसं साठीची होती. मी आठवीच्या वर्गाला सांगितलं, १६ ते २० ऑगस्ट १९४२ ह्या दिवसांत तुमच्या घरात काय झालं ते आजीला, आजोबांना विचारून या. पानभर लिहून आणा. फार हुशारीचं काम केलं असं वाटत होतं मला.

वह्या आल्या. कोणाचे आजोबा तुरीच्या शेतात लपले होते, कोणाच्या मामाने झेंडा धरला होता. एकाने तर आजोबांना इतकं शूर केलं होतं की इंग्रज त्याच दिवशी का गेले नाहीत, असा प्रश्न पडावा. आणि एका मुलीच्या वहीत वर नाव, तारीख, विषय सगळं सुबक अक्षरात, आणि खाली एकच ओळ. 'आजी म्हणाली, झोप.'

मी त्या पानावर काय लिहिलं असेल? लाल शाईने लिहिलं, 'अपूर्ण'.

दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. भांडायला नाही. पायरीवर उभी राहून हळूच म्हणाली, "बाई, तुम्ही पोरीले काय विचारायले लावलं होतं? आमची बुढी काल सकाळपासून जेवली नाही." एवढंच म्हणाली आणि डोक्यावरचा पदर नीट करून निघून गेली.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. म्हातारी अंगणात बसली होती. मी माफी मागायला आले होते, पण कशाची माफी ते शब्दांत कसं मांडायचं? मांडलं असतं तर पुन्हा तोच प्रश्न विचारल्यासारखं झालं असतं. मी गप्प बसले. बऱ्याच वेळाने तीच बोलली. "त्या दिशी तवा नव्हता ठेवला चुलीवर. नागपंचमी होती ना." आपल्याकडे नागपंचमीला तवा ठेवत नाहीत, चिरत-कापत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहेच. मी मान हलवली. मग म्हणाली, "मंग आठ दिवस चूलच नाई पेटली." पुन्हा गप्प. आणि मग एकदम विचारलं, "पोरगी अभ्यासात कशी आहे जी?"

मी म्हटलं, हुशार आहे. घरी येऊन पहिलं काम काय केलं असेल तर वहीतलं ते 'अपूर्ण' खोडलं. आजही ते आठवलं की तोंडात कडू चव येते.

त्या घरात नेमकं काय झालं ते मला माहीत नाही. कदाचित काहीच झालं नसेल, शेजारच्या घरातलं तिने ऐकलं असेल. माझ्या चुकीत त्याने फरक पडत नाही. जे सांगायचं धाडस वर्गात उभं राहून मी करायला हवं होतं, ते मी तेरा वर्षांच्या पोरीच्या हाती देऊन तिच्या आजीकडे पाठवलं. त्या पिढीतल्या बायांनी एकदा सांगितलं होतं, मोठ्या मोठ्या माणसांपुढे सांगितलं होतं, आणि सरकारने ते कानाआड केलं होतं. आता पुन्हा त्यांनीच का सांगायचं? मार्कांसाठी?

पुढची दोन-तीन वर्षं मी घाबरून पुन्हा 'अनन्वित' वर आले. नंतर हळूहळू एक वाट सापडली, भणसाळींची. मी मुलांना ओठ शिवलेल्या माणसापासून सुरुवात करून देऊ लागले. मुलं लगेच कान टवकारतात. जेवत कसा असेल? शिंक आली तर? मग तोच माणूस त्रेसष्ट दिवस उपाशी का राहिला, इथे यायचं. आणि इथे थांबून सरळ सांगायचं, सोजिरांनी बायांवर बळजबरी केली, त्यांच्या अब्रूवर हात टाकला, आणि त्या बायांनी ते लपवलं नाही. एवढंच. कोणाचं घर, कोणाची आजी, काही नाही. मागच्या बाकावरची पोरं पहिल्यांदा खुदखुदायची. मी त्यांना रागावत नसे. तेरा वर्षांच्या मुलाला लाज वाटली की हसूच येतं, ते थोड्या वेळाने आपोआप विरतं. एकदा एका मुलीने विचारलं, "बाई, मग चौकशी काहून नाही केली? लाज तर त्या शिपायांची होती ना?" मी म्हटलं, हो. त्या दिवशी वर्गात सुई पडली असती तरी ऐकू आली असती.

सोपं झालं असं मात्र समजू नका. पुढच्याच वर्षी एका मुलाने हात वर केला. शांत मुलगा, कधी काही न विचारणारा. "बाई, सोनावणे नायब तहसीलदार आपलेच होते ना? मराठीच. त्यांले पोरं असतील ना? मंग त्यायचं काय झालं?"

मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हटलं, "पुस्तकं आवरा, तास संपला." तास संपायला अजून पाच मिनिटं होती. मुलांना ते कळलं. मुलांना सगळं कळतं.

असा प्रश्न मला पहिल्यांदाच आला होता असंही नाही. नोकरीची पहिली वर्षं मी अहेरीकडे काढली, गडचिरोली जिल्हा व्हायच्या आधी. (तो २६ ऑगस्ट १९८२ ला झाला.) तिकडे बाबूराव शेडमाके शिकवायचे म्हणजे मुलांचे डोळे चमकत. किष्टापूरचा पंचविशीतला गोंड तरुण इंग्रजांविरुद्ध उठला, जंगलाच्या आधाराने लढला आणि २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात पिंपळाच्या झाडाला फाशी गेला. आता त्याच्या नावाचं पोस्टाचं तिकीटही आहे. पण बाबूरावाला पकडून इंग्रजांच्या हवाली केलं ते अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंनी. इंग्रजांनी त्यांना धमकावलं होतं, आणि काम झाल्यावर अडपल्ली आणि घोटची जमीनदारी बक्षीस दिली. वर्गात मुलं अहेरीची! बाबूराव आपला आणि राणीही आपलीच. एक पोरगा म्हणाला, "मॅडम, असं नसेल झालं." मी तेव्हा तरुण होते, झालं आहे म्हणजे झालंच आहे असं ठणकावून सांगून मोकळी झाले. आज वाटतं, त्या मुलाला निदान दोन मिनिटं तरी द्यायला हवी होती. राणीने नाही म्हटलं असतं तर तिच्या जमीनदारीचं काय झालं असतं, यावर बोलायला हवं होतं. त्याने राणीला माफ करावं म्हणून नव्हे. पण धरून देणारा माणूसही कुठल्यातरी घरात राहतो, एवढं तरी त्याला कळलं असतं.

मुलगा काही वर्षं जर्मनीत होता, तेव्हा मी दोन महिने राहून आले. बर्लिनमध्ये फिरताना पायाखाली फरसबंदीत पितळेच्या छोट्या चौकोनी फरश्या दिसायच्या, तळहाताएवढ्या. वाकून वाचलं तर त्या घरात राहणाऱ्या ज्यू माणसाचं नाव, जन्मसाल, कधी उचलून नेलं, कुठे मारलं. गुंटर डेमनिग नावाच्या एका कलावंताने हे काम सुरू केलं. त्या फरश्या काळवंडतात म्हणून शाळेतली मुलं येऊन त्या घासून लखलखीत करतात, असं मुलाने सांगितलं. ज्यांच्या पणजोबांच्या काळात हे घडलं तीच ही मुलं. मला चिमूरच्या वह्या आठवल्या. इथे कोणी त्या मुलांना पणजोबांना विचारून या म्हणत नव्हतं. नाव समोर ठेवलं होतं, पुढचं ज्याचं त्याने.

घरी आल्यावर मी ह्या विषयावर बरंच वाचलं. जेरुसलेमच्या याद वाशेम ह्या स्मारक-संस्थेत शिक्षकांसाठी पद्धती तयार केल्या आहेत. लहान मुलांना प्रेतांचे फोटो दाखवू नका. एका माणसाची, वाचलेल्या एखाद्या मुलाची गोष्ट सांगा, तीही आधीच्या घरापासून, खेळण्यांपासून. मुलांना कैदी आणि पहारेकरी व्हायला लावून खेळ करू नका. हे शेवटचं वाचून मी कपाळाला हात लावला. एका गॅदरिंगला आम्ही चिमूरची नाटुकली बसवली होती. डाकबंगला पुठ्ठ्याचा, सोजीर खाकी चड्डीतले. जरासंध झालेल्या पोराला बाकीच्यांनी खेळात खरोखरच बदडलं, आणि प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. वर्षभर त्याला मुलं जरासंध म्हणूनच हाका मारत.

असो. तर भाचीला मी दुसऱ्या दिवशी फोन केला. सांग म्हटलं, बायकांचं सांग. पण तू सांग, मुलांना विचारायला घरी पाठवू नकोस. सोनावण्यांचं नाव टाळू नकोस. तिच्या वर्गाची गोष्ट आणखी अवघड आहे, मला कल्पना आहे. १९८० पासून नक्षलवादी तिकडे आहेत. कोणाचे वडील पोलिसात होते आणि भूसुरुंगात गेले, कोणाच्या काकाला खबऱ्या म्हणून रात्री उचलून नेलं, कोणाचा भाऊ जंगलात गेला आणि परत आला नाही. ही पोरं एकाच बाकावर बसतात आणि एकाच भांड्यातली खिचडी खातात. त्यांच्यापुढे 'आपले' आणि 'त्यांचे' हे शब्द वापरताना जीभ अडखळायला हवी.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "मावशी, सोनावण्यांच्या पोरांबद्दल कोणी मला विचारलं तर?"

आता जे सांगते ते मी तिला सांगितलं, आणि इथे लिहू की नको याचा तीन दिवस विचार केला आहे.

आमचे आबा पटवारी होते. १९४२ साली त्यांचा हलका चिमूरच्या जवळ होता, वय अठ्ठावीस. लहानपणी आम्ही बालाजीच्या घोडायात्रेला चिमूरला जायचो, आईबरोबर, बैलगाडीने. आबा एकदाही आले नाहीत. दरवर्षी त्यांना नेमकं तेव्हाच काम निघायचं. मी त्याच तालुक्यात बदलीचा आदेश घेऊन घरी आले तेव्हा ते खाटेवर पडून होते, सत्तरीला टेकलेले. म्हणाले, तिथे तुला आडनाव विचारतील. मग सांगितलं. लष्कर आल्यावर गावातली माणसं सोजिरांना ओळखू येणार कशी? आबांना बोलावून हाती कागद दिला. नावं मोठ्याने वाचायची. नाव वाचलं की माणूस उठून उभा राही आणि त्याला बाजूला काढत. "किती नावं होती आबा?" मी विचारलं. म्हणाले, "मोजली नाहीत." नाही म्हटलं असतं तर? "तर पुढचं नाव माझं असतं. किंवा नसतंही." त्यानंतर दोन वर्षांनी ते गेले. पुन्हा हा विषय आम्ही काढला नाही.

तो मुलगा सोनावण्यांच्या पोरांबद्दल विचारत होता तेव्हा तास संपला असं मी का म्हटलं, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. त्या आजीच्या अंगणात बसले होते तेव्हाही मला हेच वाटत होतं. तिच्या नवऱ्याचं नाव त्या कागदावर असेल का? ते वाचणारा आवाज तिला आठवत असेल का? तिने मला आडनाव विचारलं नाही.

हे सांगून झाल्यावर भाची बराच वेळ काही बोलली नाही. फोन कट झाला की काय म्हणून मी दोनदा हॅलो म्हटलं. मग तिने विचारलं, "मावशी, आबांचं हे आईला माहीत आहे?"

नाही, म्हटलं. पण ती मी लिहिलेलं सगळं वाचते.